डावा खुबा, उजवी कंबर : एका गोल्फरच्या दुखण्याचा प्रकरण अभ्यास

कंबर दुखते म्हणून येणाऱ्या गोल्फरची तपासणी बहुतेक वेळा कंबरेपाशी सुरू होते आणि तिथेच संपते. या प्रकरणात दुखत होती ती उजवी कंबर. पण उपचाराची दिशा ठरवली डाव्या खुब्याने, आणि त्याहूनही जास्त एका जुन्या व्हिडिओने. रुग्णाची ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदलले आहेत. मोजमापं आणि घटनांचा क्रम मात्र तसाच ठेवला आहे.

पार्श्वभूमी

गृहस्थ ५४ वर्षांचे, उजव्या हाताने खेळणारे. वीसेक वर्षांचा खेळ, हँडिकॅप (खेळाची पातळी दाखवणारा आकडा, जितका कमी तितका खेळ चांगला) १४च्या आसपास. कामातून मोकळे झाल्यावर त्यांनी खेळाला जास्त वेळ द्यायचं ठरवलं. आधी आठवड्याला एक-दोन राउंड (अठरा होलचा एक पूर्ण खेळ) होत. आता त्याच्या जोडीला चार-पाच दिवस ड्रायव्हिंग रेंजवर सराव सुरू झाला. रेंजवर गवत नव्हतं, मॅट होती. एका बैठकीत शंभरेक चेंडू मारले जात आणि त्यातले निम्मे ड्रायव्हरने, म्हणजे सर्वांत लांब मारायच्या काठीने.

साधारण दोन महिन्यांनी कंबरेच्या उजव्या बाजूला टोचल्यासारखं दुखू लागलं. सुरुवातीला फक्त राउंडच्या शेवटच्या तीन-चार होलना जाणवायचं. पुढे पहिल्या टीपासून, म्हणजे पहिल्याच फटक्यापासून दुखू लागलं. आमच्या फिजिओथेरपी क्लिनिकमध्ये ते आले तेव्हा पाच महिने झाले होते. मधल्या काळात दोनदा तीन-तीन आठवड्यांची पूर्ण विश्रांती झाली होती. दोन्ही वेळा दुखणं थांबलं आणि दोन्ही वेळा रेंजवर गेल्यावर आठवड्याभरात परत आलं.

एमआरआय झाला होता. चौथ्या आणि पाचव्या कंबर-मणक्यांमधली गादी थोडी फुगलेली, खालच्या दोन पातळ्यांवर गाद्यांची झीज, मागच्या छोट्या सांध्यांतही झिजेच्या खुणा. हा अहवाल हाती आल्यापासून त्यांनी वाकणं जवळजवळ बंद केलं होतं. बुटाची लेसही पाय स्टुलावर ठेवून बांधायचे. एका ठिकाणी प्लँक आणि पोटाच्या व्यायामांचा कार्यक्रम मिळाला होता आणि तो त्यांनी प्रामाणिकपणे केला होता. दुसरीकडे छोट्या सांध्यांत स्टिरॉइडचं इंजेक्शन सुचवलं होतं, ते घ्यायचं की नाही हे त्यांचं ठरत नव्हतं.

पहिल्याच भेटीत त्यांनी विचारलं, "डॉक्टर, टायगर वूड्सचे मणके जोडावे लागले. माझंही तिकडेच चाललंय का?"

हा प्रश्न हसून टाळण्यासारखा नाही. गोल्फ खेळणारा आणि कंबर दुखणारा जवळजवळ प्रत्येक माणूस मनात तो घेऊन येतो. नामवंत गोल्फर वूड्स यांच्यावर २०१४ आणि २०१५मध्ये मिळून गादीच्या तीन छोट्या शस्त्रक्रिया झाल्या होत्या. पायात उतरणारं दुखणं आणि कंबरदुखी तरीही थांबेना, म्हणून एप्रिल २०१७मध्ये सर्वांत खालची पातळी जोडली गेली. २०१९मध्ये त्यांनी मास्टर्स ही गोल्फची मोठी स्पर्धा जिंकली. आमच्या गृहस्थांच्या पायात दुखणं उतरत नव्हतं, मुंग्या नव्हत्या, बळ कमी झालेलं नव्हतं. दोन्ही प्रकरणं वेगळी का आहेत हे एवढं उलगडून सांगायला दहा मिनिटं लागली. त्या दहा मिनिटांनंतर ते खुर्चीत पहिल्यांदा मागे टेकून बसले.

अडचण नेमकी काय होती

स्विंगमध्ये, म्हणजे काठी फिरवून चेंडू मारताना, शरीराला किती फिरावं लागतं आणि ते फिरणं कुठून येतं, हे पाहिल्याशिवाय पुढचं समजणार नाही.

कंबरेचे मणके फिरण्यासाठी बनलेलेच नाहीत. त्यांचे छोटे सांधे अशा दिशेने बसलेले असतात की वाकता चांगलं येतं, पण प्रत्येक पातळीवर फिरणं जेमतेम एक-दोन अंश मिळतं. छातीच्या भागातले बारा मणके मिळून एका बाजूला साधारण ३० ते ३५ अंश देतात. उरलेलं खुब्यांनी द्यायचं असतं. उजव्या हाताने खेळणारा बॅकस्विंगमध्ये (काठी मागे नेताना) उजव्या खुब्यावर वळतो. डाउनस्विंगमध्ये (काठी खाली चेंडूकडे आणताना) ओटीपोटाचा सांगाडा (पुढे नुसता 'सांगाडा') डाव्या पायावर गर्रकन फिरतो, म्हणजे डावा खुबा आतल्या बाजूला फिरतो. सगळं वजन त्याच वेळी त्या पायावर असतं. डाउनस्विंगला लागणारा वेळ सुमारे पाव सेकंद. एवढ्या वेळात कंबरेवर येणारा दाब प्रयोगशाळेतल्या मोजणीत शरीराच्या वजनाच्या आठपटीच्या आसपास आढळला आहे.

डावा खुबा पुरेसा फिरला नाही तर वेग कुठे जातो? सांगाडा अडतो, छाती पुढे फिरत राहते आणि उरलेले अंश कंबर भरून काढू पाहते. त्यात चेंडूला मार बसताना आणि नंतर शरीर उजवीकडे कललेलं व मागे वाकलेलं असतं, त्यामुळे उजव्या बाजूचे छोटे सांधे एकमेकांवर दाबले जातात. गोल्फरची कंबर मागच्या हाताच्या बाजूला जास्त दुखते ती यामुळे. पुढच्या पायाच्या खुब्याचं आत फिरणं कमी असणं आणि कंबरदुखी यांचा संबंध गोल्फरांवरच्या अभ्यासांत दिसला आहे. संबंध दिसला म्हणजे कारण सिद्ध झालं असं होत नाही, पण तिथे हात लावून पाहायला तेवढं पुरेसं आहे.

तपासणी

गंभीर कारणांची चौकशी आधी केली. रात्री झोपेतून उठवणारं दुखणं, वजन घटणं, ताप, लघवी-शौचावरचा ताबा, बैठकीच्या जागेचा बधिरपणा यांपैकी काहीही नव्हतं. पाय ताठ उचलून केलेली चाचणी, रिफ्लेक्स आणि पायांची ताकद ठीक होती. पुढे वाकताना भीती होती, दुखणं नव्हतं. मागे वाकून उजवीकडे कलायला सांगितलं तेव्हा मात्र "हेच ते" असं म्हणून त्यांनी बोटाने जागा दाखवली.

मग खुबे. बसवून मोजल्यावर उजवा खुबा आत ३४ अंश फिरला, डावा १४. आकड्यांतला फरक ठळक होता. माझ्या मते त्याहून महत्त्वाचं होतं ते फिरण्याचं टोक कसं लागतं ते. उजव्या बाजूला शेवटी स्नायू ताणला गेल्याचा सैल अडथळा होता. डाव्या बाजूला एकदम, कडक थांबा होता आणि जांघेत पुढून टोचत होतं. गुडघा छातीकडे घेऊन आत वळवल्यावर तेच टोचणं वाढलं. विचारल्यावर कळलं की गाडीतून उतरताना जांघ वर्षभर धरत होती. कुणी विचारलं नव्हतं, म्हणून त्यांनी सांगितलं नव्हतं. शिवाय गेला महिनाभर एका व्हिडिओत पाहून ते जमिनीवर बसून डावा खुबा आत दाबायचा ताण रोज करत होते. त्यानंतर जांघ तासभर ठणकायची. हे 'चांगलं दुखणं' आहे असा त्यांचा समज होता.

छातीच्या भागाचं फिरणं बसून मोजलं : उजवीकडे ३८ अंश, डावीकडे ४४. उजव्या कुशीवरचा साइड प्लँक (कुशीवर हाताच्या आधाराने शरीर सरळ उचलून धरणं) २२ सेकंद टिकला, डाव्या कुशीवरचा ४१. कंबरदुखीमुळे रोजच्या कामांना किती अडचण येते हे मोजणाऱ्या ऑस्वेस्ट्री प्रश्नावलीत गुण ३४ टक्के आले, म्हणजे मध्यम अडचण.

सगळ्यांत उपयोगी ठरली ती चाचणी अगदी साधी होती. त्यांना डाव्या पायावर वजन देऊन उभं केलं, पाऊल सरळ पुढे. सांगाडा डावीकडे वळवायला सांगितला. थोडं वळून ते अडकले, पावलाची आतली कड उचलली गेली आणि उजवी कंबर टोचली. तेच पाऊल सुमारे ३० अंश बाहेर वळवून ठेवायला सांगितलं आणि पुन्हा वळवलं. आता सांगाडा सहज पुढे आला आणि कंबर गप्प राहिली. तीनदा उलटसुलट करून पाहिलं, तिन्ही वेळा तेच.

हे पाहून ते म्हणाले, "पण माझं पाऊल पूर्वी असंच बाहेर असायचं. मीच ते सरळ केलं." त्यांनी फोनमधला चार वर्षांपूर्वीचा स्विंग दाखवला. त्यात डावं पाऊल छान बाहेर वळलेलं होतं आणि बॅकस्विंगला डावी टाच किंचित उचलली जात होती. सरावाला जास्त वेळ मिळू लागल्यावर त्यांनी व्हिडिओ पाहून स्विंग 'सुधारला' होता : पाऊल लक्ष्यरेषेला काटकोनात, टाच जमिनीला चिकटलेली, खालचं अंग स्थिर आणि खांदे जास्तीत जास्त वळलेले. खांदे आणि सांगाडा यांच्यातला हा फरक 'एक्स-फॅक्टर' नावाने १९९०च्या दशकापासून गाजला आहे. तो वेग देतो हे खरं. पण तो फरक पेलायला ज्या खुब्यांची आणि छातीची लवचिकता लागते, ती त्यांच्याकडे नव्हती. अठरा मेजर (गोल्फच्या सर्वांत मोठ्या स्पर्धा) जिंकणारे जॅक निकलॉस बॅकस्विंगला डावी टाच मोकळेपणाने उचलत, हे ऐकून त्यांना बरं वाटलेलं दिसलं.

या प्रकरणातला माझा सगळा मुद्दा इथे आहे. ज्या सवयी दोष समजून काढल्या गेल्या, त्या त्यांच्या डाव्या खुब्याने स्वतःसाठी शोधलेल्या सोयी होत्या. वीस वर्षं त्या सोयींवर खेळ चालला. सोयी गेल्या आणि सराव वाढला, या दोन गोष्टी एकाच वेळी घडल्या.

पुढे जाण्याआधी खुब्याचा एक्स-रे मागवला. त्यात मांडीच्या हाडाच्या गोळ्याच्या मानेपाशी हाडाचा उंचवटा आणि सांध्यातलं अंतर किंचित कमी झालेलं दिसलं. म्हणजे तो कडक थांबा बऱ्याच अंशी हाडाचा होता.

कोणते पर्याय समोर होते

पहिला पर्याय पूर्ण विश्रांतीचा, या वेळी तीन महिन्यांच्या. दोनदा करून पाहिलेला आणि दोनदा फसलेला. विश्रांतीत दुखणं थांबतं, पण खुबा तसाच राहतो, स्विंग तसाच राहतो आणि ताकद मात्र घटते.

दुसरा, इंजेक्शन. दुखणं इतकं असतं की झोप लागत नाही, व्यायाम करता येत नाही, तर आम्ही त्याच्या बाजूने झुकलो असतो. इथे तशी निकड नव्हती. ते कायमचं नाकारलं नाही, आठ आठवड्यांनी पुन्हा विचार करू असं ठरलं.

तिसरा पर्याय सगळ्यांत मोहाचा होता : खुबा कमी फिरतो ना, मग तो सैल करू. गोल्फ फिटनेसच्या दुनियेत हेच सर्रास सांगितलं जातं, आणि स्नायू किंवा सांध्याच्या वेष्टनामुळे आलेला आखडलेपणा असेल तर ते बरोबरही आहे. पण दारामागे भिंत असेल तर बिजागरीला तेल घालून दार पुढे जात नाही. हाडावर हाड आपटवत राहिलं की सांध्याची कड चिडते, आणि त्यांची ठणकणारी जांघ तेच सांगत होती. त्यामुळे तो ताण त्याच दिवशी बंद केला. खुब्याच्या बाकीच्या दिशा, नितंबाची ताकद आणि दुखत नाही तेवढ्या टप्प्यातली हालचाल यांवर काम करायचं ठरलं.

चौथा, खुब्याची शस्त्रक्रिया. अस्थिरोगतज्ज्ञांचं मत घेतलं. सांध्यात झीज सुरू झालेली असताना दुर्बिणीने उंचवटा तासण्याचा फायदा मर्यादित असतो आणि चालण्याफिरण्याला आत्ता फारशी अडचण नाही, म्हणून त्यांनी थांबायला सांगितलं.

पाचवा पर्याय म्हणजे फिरण्यासाठी जागा दुसरीकडून मिळवायची. पाऊल बाहेर, टाच मोकळी, छातीच्या भागाचं फिरणं वाढवायचं, स्विंगची संख्या आटोक्यात आणायची आणि हळूहळू वाढवायची. यात एक अट होती. स्विंगला हात लावायचा तर कोच हवा. फिजिओथेरपिस्टने क्लिनिकमध्ये स्विंग शिकवू नये असं माझं ठाम मत आहे. आम्ही शरीराला काय जमतं ते सांगू शकतो, चेंडू सरळ कसा जाईल ते कोच जाणतो.

एमआरआयचं काय करायचं हाही निर्णयच होता. नव्याने काढायचा नाही, पण आहे तो नीट समजावून सांगायचा. २०१५मध्ये आलेल्या एका मोठ्या आढाव्यात कंबर अजिबात न दुखणाऱ्या लोकांचे स्कॅन तपासले होते. पन्नाशीतल्या अशा लोकांपैकी सुमारे ८० टक्क्यांच्या गाद्यांत झीज आणि ६० टक्क्यांच्या गाद्यांत फुगवटा होता. हे आकडे ऐकल्यावर "मग मी लेस वाकून बांधू?" असं त्यांनी विचारलं. तिथेच, त्याच वेळी बांधून पाहिली.

काय केलं

पहिले दोन आठवडे पूर्ण स्विंग बंद, पण गोल्फ बंद नाही. चिपिंग (जवळून मारायचे छोटे फटके) आणि पटिंग (चेंडू जमिनीवरून होलकडे ढकलणं) चालू ठेवलं. पटिंगला सलग वाकून उभं राहावं लागतं, म्हणून दर दहा मिनिटांनी दोन मिनिटं चालायचं. खेळापासून पूर्ण तोडलेला माणूस परत जाताना अधीर होतो आणि पहिल्याच दिवशी शंभर चेंडू मारतो. त्यांच्या दोन्ही माघारी अशाच झाल्या होत्या.

व्यायाम मोजकेच दिले. कुशीवर झोपून गुडघे स्थिर ठेवत छाती उघडणं, आणि चार पायांवर येऊन एक हात मानेमागे ठेवत छाती फिरवणं, हे छातीच्या भागासाठी. गुडघ्यांवरून सुरू केलेला साइड प्लँक, एका हातात वजन घेऊन सरळ चालणं, आणि केबल छातीसमोर धरून शरीर फिरू न देणं, हे कंबरेच्या आधारासाठी. डाव्या पायासाठी पायरीवरून सावकाश खाली उतरणं आणि स्प्लिट स्क्वॉट (एक पाय पुढे, एक मागे ठेवून खाली बसणं), तोही जांघ टोचणार नाही एवढ्याच खोलीपर्यंत. उंचवट्यावर ठेवलेलं वजन खुब्यातून वाकून उचलणं मुद्दाम घेतलं, कारण वाकायची भीती बोलून जात नाही, वाकूनच जाते.

तिसऱ्या आठवड्यापासून वेजने (जवळच्या फटक्यांच्या काठीने) अर्धे स्विंग, एका दिवसाआड, तीस चेंडू. दुखण्याचा नियम सोपा ठेवला : मारताना दहापैकी तीनपर्यंत चालेल, दुसऱ्या दिवशी सकाळी ते मूळ पातळीवर आलं पाहिजे. नाही आलं तर पुढचा दिवस आधीच्या पायरीवर. प्रत्येक स्विंग वहीत मांडायचा आणि त्यात सरावाचे हवेतले स्विंगही धरायचे. लोक ते धरत नाहीत, कंबर मात्र धरते.

कोचशी पहिली एकत्र भेट चौथ्या आठवड्यात झाली. आम्ही तीनच गोष्टी मागितल्या : डावं पाऊल २५ ते ३० अंश बाहेर राहावं, बॅकस्विंगला डावी टाच उचलू द्यावी, आणि शेवट मागे कललेल्या कमानीत न होता डाव्या पायावर उभ्याने व्हावा. पाऊल बाहेर वळवल्याची किंमत असते. त्यामुळे बॅकस्विंगमधलं वळणं थोडं अडतं, म्हणून टाच मोकळी सोडणं त्याच्या जोडीनेच यावं लागतं. हे कोचच्या लगेच लक्षात आलं. त्यांनी उभं राहण्यातलं अंतरही थोडं कमी केलं आणि उजवी टाच शेवटी पूर्ण वर येईल याकडे लक्ष दिलं. ते आमच्या डोक्यात नव्हतं आणि फार उपयोगी ठरलं.

पाचव्या-सहाव्या आठवड्यात मधले आयर्न (मधल्या अंतराच्या काठ्या), मग पूर्ण स्विंग, मग नऊ होल. त्याच सुमारास दोन किलोच्या मेडिसिन बॉलने दोन्ही बाजूंना भिंतीवर फेकी सुरू केल्या. वेग पेलायचा तर वेगाचाच सराव लागतो. प्लँक कितीही टिकला तरी पाव सेकंदात येणारा जोर त्यातून शिकता येत नाही.

सातव्या आठवड्यातली माघार

क्लबची स्पर्धा जवळ आली. ते सलग दोन दिवस रेंजवर गेले. दुसऱ्या दिवशी शंभरावर चेंडू, बहुतेक ड्रायव्हरने, मॅटवरून. तिसऱ्या दिवशी सकाळी कंबर दहापैकी सहा दुखत होती आणि फोनवरचा आवाज खचलेला होता.

इथे निर्णय तीन होते. स्कॅन करायचा का? लक्षणं तीच होती, पायात काही उतरत नव्हतं, म्हणून नाही. पूर्ण थांबायचं का? नाही, दोन पायऱ्या मागे यायचं : वेज, अर्धे स्विंग, चालणं चालू. तिसरा निर्णय अवघड होता, स्पर्धेचा.

वही पाहताना चेंडूंच्या संख्येपेक्षा महत्त्वाची गोष्ट कळली. नव्या उभं राहण्यात चेंडू उजवीकडे जातोय आणि अंतरही दहा-बारा यार्डांनी कमी झालंय असं त्यांना वाटत होतं. म्हणून त्या दोन दिवसांत त्यांनी पाऊल पुन्हा सरळ केलं होतं. आम्हाला सांगायला त्यांना संकोच वाटला होता. कोचने पाहिलं तर पाऊल बाहेर वळवताना त्यांचे खांदेही नकळत लक्ष्याच्या उजवीकडे रोखले जात होते. खांद्यांची रेषा लक्ष्याशी जुळवल्यावर चेंडू सरळ जाऊ लागला. दुखण्याच्या दृष्टीने बरोबर असलेला बदल खेळाच्या दृष्टीने चुकीचा वाटत असेल, तर खेळाडू तो टिकवणार नाही. त्याला दोष देण्यात अर्थ नाही. तो चेंडू मारायला आलेला असतो.

स्पर्धेबद्दल आम्ही 'हो' किंवा 'नाही' असं सांगितलं नाही. दुखणं पाचव्या दिवशी दोनवर आलं होतं. खेळलात तर काय होऊ शकतं, न खेळलात तर काय मिळेल, हे दोन्ही मांडलं. खेळल्याने कायमची इजा होण्याचं लक्षण दिसत नव्हतं, पण आणखी दोन आठवडे मागे जाण्याची शक्यता होती. त्यांनी स्पर्धा सोडली आणि त्या दिवशी मित्रांसोबत नऊ होल चालत जाऊन फक्त चिपिंग-पटिंग केलं. निर्णय त्यांचा असल्यामुळे पुढचे आठवडे त्यांनी वहीत काहीही लपवलं नाही.

निष्पत्ती

चार महिन्यांनंतर ते आठवड्याला दोनदा अठरा होल खेळत होते आणि एकदा रेंजवर साठ चेंडू, त्यातले पंधरा ड्रायव्हरने. कंबर शून्य ते दोनमध्ये. ऑस्वेस्ट्री ३४वरून १२ टक्क्यांवर आलं. छातीच्या भागाचं उजवीकडचं फिरणं ३८वरून ४७ अंश. उजव्या कुशीवरचा साइड प्लँक ५५ सेकंद. ड्रायव्हरचं अंतर जवळजवळ पूर्वीइतकं, आणि त्यांना सगळ्यांत जास्त आनंद याचाच होता.

डावा खुबा १४वरून १८ अंश. ही सुधारणा म्हणून मी मिरवणार नाही. हाताने घेतलेल्या मापात चार-पाच अंशांचा फरक सहज येतो. खुबा जसा होता तसाच आहे. गाडीतून उतरताना जांघ अजून धरते, पण ठणकणं थांबलं आहे, आणि त्यात तो ताण बंद केल्याचा वाटा असावा. वर्षभरात कंबरेने एकदा डोकं वर काढलं, लागोपाठ चार दिवस खेळल्यावर. वहीत मागे जाऊन त्यांनी ते स्वतः आठवड्यात सावरलं.

नेमकं कशाने बरं वाटलं? पाऊल वळवल्याने, चेंडू मोजल्याने, ताकदीने, भीती गेल्याने की नुसत्या काळाने? एका रुग्णात हे वेगळं काढता येत नाही. क्लिनिकमधल्या त्या उलटसुलट चाचणीमुळे पावलाचा वाटा होता असं म्हणायला जागा आहे. वाढलेल्या सरावाचा वाटाही निदान तेवढाच असावा असं मला वाटतं.

वेगळं काय करता आलं असतं

कोचला चौथ्या आठवड्याऐवजी पहिल्याच आठवड्यात आणणं अशा प्रकरणात चांगलं. लक्ष्यरेषेची अडचण तेव्हाच दिसली असती आणि सातव्या आठवड्यातली माघार कदाचित टळली असती. स्पर्धेची तारीखही सुरुवातीलाच विचारून आराखड्यात मांडता येते. तारीख माहीत असेल तर त्याआधीच्या आठवड्यात काय मोहात पाडणार आहे याचा अंदाज येतो.

पाच महिन्यांत कंबरेचा एमआरआय झाला, पण खुब्याला कुणी हात लावला नाही. बसवून दोन्ही खुबे फिरवून पाहायला दोन मिनिटं लागतात. फिरून खेळल्या जाणाऱ्या कुठल्याही खेळात हे पहिल्या भेटीत व्हायला हवं. टेनिसची सर्व्हिस, हातोडाफेक, बेसबॉलची फेक, सगळीकडे जोर जमिनीकडून खुब्यांतून वर जातो आणि वाटेत जिथे अडतो त्याच्या वर किंवा खाली दुखतं.

एक सावधगिरी मात्र इथेच नोंदवायला हवी. हाच आराखडा उचलून सोळा-सतरा वर्षांच्या वेगवान गोलंदाजाला लावू नये. उजव्या हाताच्या तरुण गोलंदाजाची कंबर डाव्या बाजूला, मागे वाकताना दुखत असेल तर मणक्याच्या कमानीतल्या ताणामुळे आलेल्या सूक्ष्म फ्रॅक्चरची शंका आधी घ्यायची, गोलंदाजी थांबवायची आणि योग्य स्कॅन करायचा. तिथे 'तीनपर्यंत दुखलं तर चालेल' हा नियम घातक आहे. ५४व्या वर्षी झिजेच्या खुणा आणि सतराव्या वर्षी हाडाला पडणारी चीर यांत वाट पाहण्याची मुभा सारखी नसते.

इंजेक्शनचा प्रश्न आठव्या आठवड्यात पुन्हा काढला तेव्हा त्यांनीच नको म्हटलं. माघार दोन आठवड्यांत सावरली नसती तर आम्ही ते सुचवलं असतं, व्यायाम चालू ठेवता यावा एवढ्यासाठी.

आता ते सहा महिन्यांनी एकदा येतात. खुबा मोजला जातो, साइड प्लँक आणि पायरीवरून उतरणं पाहिलं जातं, वही चाळली जाते. जांघ रात्री दुखायला लागली, चालण्याचं अंतर कमी झालं किंवा मोजे घालताना पाय वर येईना, तर पुन्हा एक्स-रे आणि अस्थिरोगतज्ज्ञ. पुढे कधी खुबा बदलायची वेळ आली तर नंतर गोल्फ खेळता येईल का, हेही त्यांनी विचारून ठेवलं आहे. खुबा बदलल्यानंतर बरेच जण गोल्फकडे परततात, हे त्यांना सांगितलं आहे.